थेरपीच्या साहित्याची यादी घरात शोधताना

वाचक आईचे पत्र, थोडक्यात:
माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. तो बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला आणि काही दिवस काचेच्या पेटीत होता. आता तो बसतो, पोटावर सरकतो, धरून उभा राहतो, पण चवड्यांवर. चालत मात्र नाही. डाव्या हाताची मूठ बहुतेक वेळ मिटलेली असते. तीन-चार शब्द बोलतो. डॉक्टरांनी विकास मागे पडल्याचे सांगून थेरपी सुरू करायला लावली, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा आम्ही मिरजेला जातो. थेरपिस्ट मॅडमनी घरी वापरायच्या साहित्याची यादी दिली आहे: मोठा चेंडू, रोल, कोपऱ्यात ठेवायची खुर्ची, खुंट्यांचा बोर्ड, खरबरीत चटई. सगळे घ्यायचे तर आम्हाला परवडत नाही. घरातल्या वस्तूंनी हे काम होईल का, की ते नुसते मन समजावणे ठरेल? आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, मुलगे उशिराच चालतात. ह्यांनी चाकांचा वॉकर आणला आहे. द्राक्षबागेची कामे निघाली की दिवस दिवस व्यायाम राहून जातो आणि मग अपराधी वाटते.
– एक आई, तासगाव तालुका

ताई,

मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते. यादीतल्या बहुतेक साहित्याचे काम घरातल्या वस्तूंनी होते, आणि ते मन समजावणे नसते. मात्र त्यासाठी ती यादी वस्तूंची म्हणून न वाचता कामांची म्हणून वाचावी लागेल. थेरपिस्ट 'रोल' असे लिहितात तेव्हा मुलाने त्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसावे, किंवा त्यावर छाती टेकवून पुढे हातांवर भार घ्यावा, असे काही तरी त्यांच्या मनात असते. ते नेमके काय आहे हे कळले की घरात पर्याय सापडतो, आणि ते कळले नाही तर दुकानातला महागडा रोलही महिन्याभरात माळ्यावर जातो. म्हणून पुढच्या खेपेला यादी सोबत न्या आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या हालचालीसाठी आहे, त्या वेळी मुलाचे पाय, पाठ आणि हात कसे असायला हवेत, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. कोणतीही चांगली थेरपिस्ट या प्रश्नाने रागावत नाही.

साहित्याकडे वळण्यापूर्वी आत्याबाईंच्या म्हणण्याचा विचार केला पाहिजे, कारण घरातल्या मोठ्या माणसाला जे पटलेले नसते ते घरात रोज होत नाही. मुले वेगवेगळ्या वयात चालू लागतात हे त्यांचे निरीक्षण खरे आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतल्या निरोगी बालकांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जवळजवळ सर्वच मुले साडेसतरा महिन्यांपर्यंत आधाराशिवाय चालू लागलेली होती. तुमचा मुलगा आठ आठवडे आधी जन्मला, म्हणून त्याच्या वयातून ते दोन महिने वजा केले तरी तो दोन वर्षे पूर्ण केलेला ठरतो. शिवाय प्रश्न केवळ उशिराचा नाही. चवड्यांवर उभे राहणे आणि एकाच हाताची मूठ सतत मिटलेली असणे ही स्नायूंच्या ताठरपणाची लक्षणे असू शकतात. पत्रावरून निदान करणे योग्य नाही आणि मी ते करणार नाही. पण 'विकास मागे आहे' हे वर्णन झाले, कारण झाले नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की हा सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडण्याचा, प्रकार आहे का, आणि खुब्याच्या सांध्यांचा एक्स-रे काढण्याची गरज आहे का. ज्या मुलांच्या पायांत ताठरपणा असतो आणि ज्यांचे चालणे लांबलेले असते, त्यांचा खुबा बाहेरून काही न दिसता हळूहळू सरकू शकतो, आणि ते घरच्या कोणाच्या लक्षात येत नाही.

त्याच भेटीत ऐकण्याची तपासणी झाली आहे का तेही पाहा. ताट वाजवल्यावर मूल दचकते, म्हणजे त्याला ऐकू येते, असे घरोघरी मानले जाते. पण मोठा आवाज ऐकणारे मूल बोलण्यातले बारीक आवाज ऐकेलच असे नाही. वेळेआधी जन्मलेल्या आणि पेटीत राहिलेल्या बाळाची बेरा नावाची तपासणी झालेली असणे चांगले, आणि दृष्टीही एकदा तज्ज्ञाने पाहिलेली असावी. न ऐकणाऱ्या मुलासमोर आपण कितीही बोललो तरी ते वाया जाते.

आता यादी घेऊ.

रोलसाठी तुमच्या घरातली जुनी वाकळ पुरेशी आहे. ती लांबीला दुमडून शक्य तितकी घट्ट गुंडाळा आणि दोन्ही टोकांना व मध्ये सुतळीने आवळून बांधा. सैल गुंडाळलेली वाकळ मुलाच्या वजनाने बसते आणि मग तिचा उपयोग उशीपलीकडे राहत नाही. वरून जुन्या साडीचा पदर घट्ट शिवून टाकला की सुतळीच्या गाठी अंगाला लागत नाहीत आणि मुलाच्या बोटांत अडकतही नाहीत. जाडी किती असावी हे वाकळीवर नव्हे, मुलावर ठरते. त्याला रोलवर घोड्यासारखे बसवले असता दोन्ही पावले टाचेसकट जमिनीला टेकली पाहिजेत. टाचा उचललेल्या राहत असतील तर रोल जाड झाला. एक घडी कमी करा. या एका गोष्टीकडे मी मुद्दाम जास्त लक्ष द्यायला सांगते, कारण चवड्यांवर उभ्या राहणाऱ्या मुलासाठी टाच टेकवून बसणे हाच व्यायाम आहे, आणि दोन इंच जास्त जाडीचा रोल नेमका तोच व्यायाम बिघडवतो. बसल्यावर समोर पाटावर त्याच्या आवडीची वस्तू ठेवा, थोडी उजवीकडे, मग थोडी डावीकडे, म्हणजे तो स्वतः वळेल, वाकेल आणि पुन्हा सरळ होईल. त्याला तुम्ही हलवणे आणि त्याने स्वतः हलणे यांत फार अंतर आहे. सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांचा जो मोठा आढावा ऑस्ट्रेलियातील संशोधक आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ठरावीक ध्येय समोर ठेवून मुलाने स्वतः केलेल्या सरावाला आणि घरच्या कार्यक्रमाला पुराव्याचा चांगला आधार मिळाला होता. मोठ्यांनी मुलाचे अवयव नुसते हलवून देण्याला तसा मिळाला नाही. तेलाचे मालीश याच कारणाने मी उपचारात धरत नाही. त्याने मूल शांत होते, आजीचा आणि नातवाचा वेळ छान जातो, म्हणून ते जरूर चालू ठेवा, पण ते झाले म्हणजे व्यायाम झाला असे समजू नका.

कोपऱ्यातल्या खुर्चीचे काम खोलीचा कोपरा आणि द्राक्षाचे प्लास्टिकचे कॅरेट मिळून करतात. थेरपीच्या खुर्चीत दोन बाजूंनी पाठीला आणि खांद्यांना आधार असतो, म्हणजे हात पुढे येतात आणि खेळायला मोकळे राहतात. भिंतींचा कोपरा तेच करतो. पाट किंवा बुटके स्टूल कोपऱ्यात ठेवून त्याला बसवा, मागे उशी भरा, आणि समोर कॅरेट पालथे घालून त्याचे टेबल करा. गुडघे आणि घोटे काटकोनात वाकलेले आणि पावले सपाट टेकलेली हवीत. पाय लोंबत असतील तर खाली दुसरा पाट द्या. मुलगा जमिनीवर दोन्ही पाय मागे-बाहेर वळवून, मांड्यांच्या मध्ये बसत असेल तर ती बैठक मोडून त्याला स्टुलावर बसवणे सोपे जाते, ओरडण्याची गरज पडत नाही.

कॅरेटबाबत एक गोष्ट कठोरपणे सांगावीशी वाटते. द्राक्षपट्ट्यातल्या घरात प्लास्टिकची भांडी भरपूर असतात, आणि त्यांतली बरीच कधी ना कधी फवारणीच्या औषधांजवळ राहिलेली असतात. औषधाचे रिकामे कॅन, बाटल्या, झाकणे, मोजपात्रे आणि ती कालवायची बादली कितीही धुतली तरी मुलाच्या हातात जाता कामा नयेत. कॅरेट घ्यायचे ते तोडणीतले घ्या, फवारणीच्या खोलीतले नको. साबणाने धुऊन, उन्हात वाळवून आणि कडांवर तुटके टोक नाही ना हे हात फिरवून पाहूनच वापरा.

याच कॅरेटने वॉकरचा प्रश्नही सुटतो. तुमच्या ह्यांनी मायेने आणला असेल, तरी चाकांचा वॉकर परत करता आला तर करा, नाही तर मोडीत काढा. त्यात मूल कापडी बैठकीत लोंबते आणि चवड्यांनी जमीन ढकलते, म्हणजे जी सवय मोडायची आहे तीच दिवसभर पक्की होते. वर उंबऱ्यावरून, पायरीवरून वॉकर उलटून डोक्याला मार लागण्याचा धोका असतो तो वेगळाच. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा याहून पुष्कळ बरा, कारण त्यात मूल मागे उभे राहते, स्वतःचे वजन स्वतः पेलते आणि पुढे ढकलते. फक्त तो हलका असल्याने पुढे पळतो आणि मूल तोंडावर पडते. तुमच्याकडे पांगुळगाडा नसेल तर कॅरेटमध्ये ज्वारीचे पाच-सहा किलोचे गाठोडे ठेवा आणि ते फरशीवरून ढकलायला द्या. चाके नसल्याने ते सावकाश सरकते. फार जड वाटले तर धान्य कमी करा, सुसाट जाऊ लागले तर वाढवा. कॅरेटची कड त्याच्या छातीपेक्षा खाली राहत असेल आणि त्याला कमरेत वाकावे लागत असेल, तर दोन कॅरेट एकात एक घट्ट बसवून वरच्याची कड धरायला द्या. टाचा टेकत नसतील तर मात्र ढकलण्याचा हट्ट करू नका, आधी थेरपिस्टना दाखवा.

मोठा चेंडू ही यादीतली एकच वस्तू अशी आहे की जिला घरात नीट पर्याय नाही. तुमच्या मांड्यांवर आडवे बसवून डोलवणे त्याच्या जवळ जाते. पण चेंडूचा व्यायाम शिकलेल्या हातानेच घ्यायचा असतो आणि मिरजेच्या खेपेला तो होतोच, तेव्हा तो घरी नसल्याने फारसे अडत नाही. साडीच्या झोळीत झुलवणे चालेल, पण ते तुम्ही समोर असताना, सावकाश आणि थोडा वेळ. मुलाला झटके येत असतील तर जोराने फिरवणे-झुलवणे टाळा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. झोळीत एकट्याला झोपवून कामाला जाऊ नका. कापड मानेभोवती गुंडाळले जाण्याचा धोका असतो, आणि सव्वादोन वर्षांच्या मुलाने दिवसभर अंग मुडपून राहावे असे आपल्याला नकोच आहे. खरबरीत चटईसाठी पोते, पायपुसणे, धुतलेली ओली वाळू, अंगणातली माती एवढे पुष्कळ झाले. यावर जास्त विचार करण्यात अर्थ नाही.

डाव्या हाताबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण घरातले स्वयंपाकघर सर्वांत जास्त कामाला येते ते इथे. प्रथम, मूठ उघडण्याची रीत. बोटांची टोके धरून ती ओढू नका. ओढले की ती अधिक आवळतात. त्याचे मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवा, बोटे आपोआप सैल पडतात. मग अंगठा टोकाने न धरता त्याच्या मुळाशी धरून बाहेर काढा, आणि तळहात उघडल्यावर मनगट पुन्हा सरळ करा. हे थेरपिस्टकडून एकदा स्वतःच्या हाताने करून घ्या, वाचून करू नका. दुसरे, उजवा हात बांधून किंवा त्यावर मोजा चढवून डाव्याला कामाला लावण्याची युक्ती तुम्ही मोबाइलवर पाहिली असेल. तो खरा उपचार आहे, पण त्याचे वेळापत्रक आणि मर्यादा थेरपिस्टनी आखून द्यायच्या असतात. घरच्या घरी चांगला हात बांधलेले मूल फक्त चिडते आणि दोन्ही हातांनी काम करणे सोडते.

या मुलाच्या डाव्या हाताने उजव्यासारखे सफाईदार व्हावे असे ध्येय न ठेवता, त्याने मदतनीस हात म्हणून कामाला यावे असे ठेवले तर प्रगती लवकर दिसते. माणसाची निम्मी कामे अशीच असतात: एक हात धरतो, दुसरा करतो. भाकरी थापण्याकडे या नजरेने पाहा. तुमचा एक हात पीठ थापतो आणि दुसरा परात धरतो किंवा भाकरी फिरवतो. त्याला कोपऱ्यातल्या पाटावर बसवून समोर लहान ताटली द्या, त्यात ज्वारीच्या कोमट पिठाचा लिंबाएवढा गोळा ठेवा. आधी डाव्या तळहाताने ताटलीची कड दाबून धरायला लावा, वरून तुमचा हात ठेवा पण भार देऊ नका, आणि उजव्या हाताने त्याला थापू द्या. काही दिवसांनी अदलाबदल करा: उजवा धरील, डावा थापील. थापताना बोटे लांब होतात, तळहात सपाट पडतो, पिठाच्या मऊपणामुळे दुखत नाही, आणि 'थप' असा आवाज झाल्यावर मूल पुन्हा थापते. तुम्हाला सांगावे लागत नाही. चपात्या करता त्या दिवशी लाटणे द्या. लाटण्याला दोन टोके असल्याने डावा हात सोडून चालत नाही. त्याची पकड सुटत असेल तर डाव्या टोकाला जुने फडके गुंडाळून ते जाड करा. हे सगळे गॅसपासून किंवा चुलीपासून दूर, आणि पिठात मीठ न घालता. मीठ घालून टिकाऊ केलेली खेळण्याची कणीक मूल खाऊ लागले तर अपाय होऊ शकतो. साधे पीठ रोज ताजे घेणे आपल्याकडे काही अवघड नाही.

डब्यांचा उपयोगही असाच. सैल झाकणाचा स्टीलचा डबा डाव्या हाताच्या कवेत आणि उजव्याने झाकण काढायचे. आत काही तरी वाजणारे असले की उत्सुकता वाढते. कपड्यांचे मोठे चिमटे पातेल्याच्या काठाला लावून ठेवले की खुंट्यांच्या बोर्डचे काम होते: पातेले डाव्याने धरायचे, चिमटे उजव्याने ओढून काढायचे. लावणे पुढे कधी तरी येईल. काढणे नेहमी आधी येते. जेवताना चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या जुन्या, स्वच्छ धुतलेल्या ट्यूबचा तुकडा चढवला तर पकड घट्ट बसते. वाटी मात्र उथळ आणि जड द्या, हलकी वाटी पहिल्या घासालाच सरकते.

बोलण्यासाठी विशेष साहित्य लागत नाही, थोडा धीर लागतो. त्याला जे हवे ते मागण्याआधीच हातात देण्याची आपल्या घरांत सवय असते, विशेषतः आजारी मानलेल्या मुलाच्या बाबतीत. केळे त्याला दिसेल असे, पण त्याच्या हाताला लागणार नाही असे ठेवा. नाव घ्या, आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प राहा. त्याने बोट दाखवले, आवाज काढला, शब्दाचा तुकडा उच्चारला, तरी ते मागणे मानून लगेच द्या. चुकीचा उच्चार सुधारत बसू नका, तुम्ही बरोबर शब्द म्हणा आणि पुढे जा. फुंकर मारणे, शिट्टी वाजवणे, फुगे फुगवणे यांनी जीभ सुटते असे बरेच जण सांगतात. बोलणे सुधारण्यासाठी या व्यायामांना पुरेसा आधार मिळालेला नाही, आणि फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकणे प्राणघातक असते. मोबाइलवरची गाणी त्याला शब्द शिकवतील ही आशा सोडा. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तितका चांगला, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे, आणि ज्याचे बोलणे मागे आहे त्याच्याकडे तर तेवढाही वेळ वाया घालवायला नाही.

धान्यात हात घालून खेळणे मुलांना आवडते, आणि अशा बहुतेक व्हिडिओंत राजमा, हरभरे, शेंगदाणे भरलेली परात दिसते. मी ते या वयात देत नाही. हरभरा नाकात गेला की ओलाव्याने फुगतो. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला की मिरजेला पोहोचेपर्यंतही वेळ मिळत नाही. तासगावच्या घरात बेदाण्याची पाटी मुलाच्या हाताशी असणे साहजिक आहे, तरी तोही चिकट आणि अखंड असल्याने खेळण्यासाठी नको. खायला द्यायचा तर भिजवून, बारीक तुकडे करून. चिमटीने उचलण्याचा सराव चुरमुऱ्यांवर करता येतो, कारण ते लाळेत लगेच मऊ होतात. पण त्याला चावता-गिळताना ठसका लागत असेल तर थेरपिस्टना विचारूनच, आणि भडंग नको, त्यात शेंगदाणे असतात. हात घालून खेळायला मोठ्या परातीत बारीक रवा किंवा पीठ घ्या, तेही तुम्ही शेजारी बसलेल्या असताना. पाण्याचा खेळ तांब्या-वाटीने, परातीत दोन बोटे पाणी घेऊन; बादली आणि टब खेळ संपताच रिकामे करा. धरून उभे राहणारे मूल बादलीत वाकते, पण डोके वर काढण्याचे बळ त्याच्यात नसते. रिमोटमधल्या चपट्या बटणासारख्या बॅटऱ्या कुलपात असाव्यात. गिळल्या तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते.

वेळेबद्दलचा तुमचा अपराधी भाव मला अनाठायी वाटतो. नोव्हाक यांच्याच गटाने २००९ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या शाळकरी मुलांच्या घरच्या कार्यक्रमाची चाचणी प्रसिद्ध केली होती; ज्या घरांत फायदा दिसला तिथे पालकांनी महिन्यातून साधारण सतरा-अठरा वेळा, दर वेळी सोळा-सतरा मिनिटे सराव घेतला होता. तुमचा मुलगा त्यांच्यापेक्षा लहान आहे, म्हणून हा आकडा जसाच्या तसा लावू नका, पण दिवसभर व्यायाम घेणारी आईच चांगली, हा समज त्याने दूर व्हावा. छाटणीच्या दिवसांत वेगळा वेळ निघणार नाही, तेव्हा कामातच सराव घाला: भाकरीच्या वेळी हात, जेवणाच्या वेळी बैठक, अंघोळीनंतर मूठ, संध्याकाळी अंगणात कॅरेट. राहून गेलेल्या दिवसाचा व्यायाम दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका; मूल दमते आणि मग रोलकडे पाहूनच रडते.

घरगुती वस्तूंनी काय साधते याबद्दल शंका असेल तर जमैकातल्या एका कामाबद्दल आत्याबाईंना सांगा. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहरात कुपोषणामुळे उंची खुंटलेल्या १२९ मुलांवर सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास सुरू केला. त्यातल्या काही मुलांच्या घरी दोन वर्षे आठवड्यातून एकदा, तासभर, आरोग्यसेविका जात आणि घरी बनवलेल्या साध्या खेळण्यांनी आईला मुलाशी कसे खेळायचे ते दाखवत. वीस वर्षांनी ती मुले भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. ती मुले तुमच्या मुलासारखी नव्हती, म्हणून तोच परिणाम मी तुम्हाला कबूल करत नाही. पण खेळणी विकत आणलेली नव्हती, आणि ती मुलासमोर टाकून आई कामाला निघून जात नव्हती. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला शिंपले, बिया आणि पाने घेऊन बालवाड्या चालवल्या, त्यामागेही हीच समज होती. आत्याबाईंना नातवाशी असे खेळण्याचे एक ठरावीक काम सोपवून द्या. भाकरीच्या वेळचे ताट त्यांनी सांभाळावे, असे मला वाटते. ज्याने रोज स्वतः डावा तळहात उघडताना पाहिला, त्याला 'आपोआप होईल' असे म्हणणे जड जाते.

काही गोष्टींत घरगुती उपाय करू नका, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. पायाचा स्प्लिंट किंवा एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल योग्य कोनात धरून ठेवणारा साचा, सुचवला असेल तर तो मापाचाच हवा. बांबूच्या पट्ट्या आणि कापडाने पाय बांधल्यास त्वचेला जखमा होतात आणि घोटा चुकीच्या कोनात ताठतो. चष्मा, श्रवणयंत्र, झटक्यांची औषधे यांनाही घरात पर्याय नाही. मुलगा आधी करत होता ते करेनासा झाला, अंग एकाएकी दचकून ताठ होऊ लागले, डोळे फिरवू लागला, किंवा कपडे बदलताना मांडी फाकवली की रडू लागला, तर व्यायाम थांबवून पंधरा दिवसांची खेप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

तपासणीचा आणि थेरपीचा खर्च पूर्णपणे तुम्हीच उचलला पाहिजे असे नाही. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाचा समावेश आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते, तिथल्या तपासणीला आणि थेरपीला पैसे पडत नाहीत. अंगणवाडीताईंना सांगून मुलाचे नाव त्या यादीत घाला, खासगी थेरपी चालू असली तरी. निदान सेरेब्रल पाल्सीचे निघाले आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि त्यात बाह्यरुग्ण विभागातली थेरपीही येते. अर्जासाठी लागणारे कागद, म्हणजे जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, पेटीत असतानाचे रिपोर्ट आणि माता-बाल संरक्षण कार्ड, आत्ताच एका पिशवीत घालून ठेवा.

पुढच्या भेटीला जाताना तुमच्या ह्यांच्या मोबाइलवर तीन छोटी चित्रणे करून न्या: वाकळीच्या रोलवर बसलेला मुलगा बाजूने, कॅरेट ढकलताना मागून म्हणजे टाचा दिसतील असा, आणि ताटली धरलेला डावा हात जवळून. थेरपिस्टना घर पाहता येत नाही, ते असे दाखवता येते, आणि रोलची जाडी चुकली असेल तर त्या तिथल्या तिथे सांगतील.